घर? ते ट्रेलरवर आहे, पोचेलच!

ऐकलंत का? मुळशीकडे गुंठा-दोन गुंठे घेतलेली मंडळी आता घर बांधतच नाहीत म्हणे, घर मागवतात! भूमिपूजन इकडे, घर कारखान्यात आणि ऐन मुहूर्ताला ट्रेलर ताम्हिणीच्या वळणावर. गुरुजींनी मंत्र काय क्रेनवाल्याकडे बघून म्हणायचे? ‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी आता तोंड कुठं लपवावं?

आणि घर म्हणजे काय, तर आठ फूट रुंदीचा लोखंडी डबा! काल ज्यातून बोटीनं माल आला, त्यात आज जावईबापूंचा पाहुणचार. पलंग आडवा टाकला की खिडकीशी जायला गादी तुडवायची. मे महिन्यात भाजून निघतो म्हणून भिंतींना पफ पॅनेल, पावसात ताशा वाजतो म्हणून वर पत्र्याची शेड, शेड उघडी पडते म्हणून तिच्यावर कौलं! ‘मिनिमलिझम’ का काय म्हणतात ना, ते हेच. विटेशिवाय घराला घर न म्हणणारे आपले निवृत्त इंजिनीअरकाकासुद्धा बाटले. त्यांनी एकावर एक असे दोन डबे चढवलेत!

बरं, हे खूळ आजचं थोडंच आहे? अमेरिकेत सिअर्स रोबकनं 1908 ते 1940 चक्क कॅटलॉगमधून घरं विकली. दारं, खिडक्या, खिळे, कापलेलं लाकूड, सगळं रेल्वेनं जवळच्या स्टेशनात. जोडा तुमचं तुम्ही. खप 70 हजारांच्या घरात! मोहालीत 2012 साली दहा मजले 48 तासांत उभे राहिले. चीनच्या चांग्शात 2021 मध्ये तेवढेच मजले 28 तास 45 मिनिटांत! एवढ्या वेळात आपल्या सोसायटीत मीटिंगचा कोरम तरी भरतो का?

पण आपण तरी कुठले धुतल्या तांदळाचे? आपले मायवानचे फ्लॅट काय गवंड्यानं ओळंबा लावून रचलेत? ॲल्युमिनियमचे साचे लावले, काँक्रीट ओतलं, इडल्यांसारखे मजले काढले. आता गणपतीचा फोटो लावायचा तर खिळा वाकतो, पण भिंत हटत नाही. बोलवा ड्रिलवाल्याला!

आणि रात्री पांघरुणात ‘गुंठ्यात फार्महाऊस’चे व्हिडिओ कोण बघतं हो? नाकं मुरडणारे आपणच ना? ‘छे, नुसती किंमत विचारली!’ हो का? मग गेटातून क्रेन आत वळेल का, हे कुणी विचारलं?