आधी लगीन महामार्गाचं

महामार्गाच्या पर्यावरण अहवालात सहसा तीन आखण्या दाखवतात. पहिली धरणाच्या पाण्यातून जाते, तिसरी अभयारण्याच्या पोटातून. मग दुसरी निवडण्यावाचून सल्लागार कंपनीला गत्यंतरच उरत नाही. बिचारी!

हल्ली हे काम संगणकावर होतं. जीआयएस म्हणतात त्याला. नद्या, जंगल, उतार, वस्ती, अभयारण्याची हद्द, प्रत्येकाचा एकेक थर. थरावर थर ठेवायचे आणि कमीत कमी नासाडीची वाट शोधायची. युक्ती जुनीच. 1968 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर रिचमंड पार्कवेचा वाद चालू होता, तेव्हा भूदृश्यकार इयन मॅकहार्ग यांनी ती पारदर्शक कागदांवर करून दाखवली. जे जपायचं ते गडद रंगवलं, कागद एकमेकांवर ठेवले आणि जी फिकट पट्टी उरली ती रस्त्याला दिली. तिथल्या हिरव्या पट्ट्यातून जाणारा पार्कवेचा तुकडा शेवटी बांधलाच गेला नाही.

म्हणजे थर आधी, रेघ नंतर. आपल्याकडे रेघ आधी. तिची घोषणा होते, पेढे वाटले जातात, मग थर मागवतात. लग्न लागल्यावर पत्रिका बघायला बसलं की छत्तीस गुण जुळतातच.

बरं, थर तरी कसले? 2006च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची पायाभूत माहिती एका हंगामाची चालते, फक्त तो पावसाळा नको. उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्यालाही ढगांचं वावडं. म्हणून चित्रं निरभ्र आकाशाची. (ढगांआरपार पाहणारा रिसॅट-1 इस्रोने 2012 सालीच सोडला होता. पण ती चित्रं मागतो कोण?)

आता कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं पठार, मार्चमध्ये बघा. तापलेला जांभा, करपलेलं गवत, चिटपाखरू नाही. नकाशात रंग भरला जातो: ओसाड, खडकाळ जमीन. जूनमध्ये त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं, बेडूक ओरडायला लागतात, भादव्यात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरतं. याच 'ओसाड' जमिनीवरची कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ते वेगळंच.

आणि पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओहोळ? तो मार्चमध्ये नसतोच. नकाशात नाही म्हणून आराखड्यात नाही, आराखड्यात नाही म्हणून भरावाखाली मोरी नाही. पहिल्या मोठ्या पावसात पऱ्ह्या आपल्या जुन्या वाटेने येतो, भराव घेऊन कुणाच्या तरी भातात उतरतो आणि अतिवृष्टी झाल्याचं पत्रक निघतं. कोकणातल्या महामार्गावर परशुराम घाटात दरडी कोसळल्या, तेव्हाही दोषी पाऊसच होता. डोंगर कापणारा पोकलेन तिथे बहुधा फिरायला आला असावा.

ज्यांना एवढाही अभ्यास नको, त्यांच्यासाठी झूमचं बटण आहे. राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण शंभर किलोमीटरच्या आत असेल तर 2013 पासून पर्यावरण मंजुरी लागत नाही. उत्तराखंडात चारधामचा सुमारे 900 किलोमीटरचा रस्ता 53 तुकड्यांत मांडला गेला. पुरेसं झूम केलं की कुठलाच रस्ता लांब राहत नाही.

नकाशाचा यात दोष नाही. नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचजवळ वाघांच्या वाटा बघून जागा ठरवल्या, रस्ता खांबांवर उचलला, महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी जनावरांना खालून वाट दिली. लांबी 750 मीटरपर्यंत. वाघ त्याखालून जाताना कॅमेऱ्यात दिसले. फक्त त्याआधी प्रकरण कोर्टात जावं लागलं.

एरवी प्रकरण जनसुनावणीपर्यंत जातं. तिथे गावकऱ्याच्या हाती ए-फोर कागद पडतो. अख्खा तालुका एका पानावर, त्यावर लाल रेघ, आणि गट नंबर वाचायला भिंग हवं. आपली विहीर रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे कळायला सल्लागाराच्या लॅपटॉपमधली नकाशाची केएमएल फाइल पुरते. मोबाइलवरही उघडते ती. "व्हॉट्सअ‍ॅप करा की साहेब," म्हटलं तर उत्तर येतं, "ती तांत्रिक बाब आहे." जमिनीच्या दलालांना मात्र ही तांत्रिक बाब वर्षभर आधी समजलेली असते, आणि रेघेलगतच्या सातबाऱ्यांवर तोवर नवी नावं चढलेली असतात.