सेनापती कोठीतच सापडतात

वाळवंटात लढणाऱ्या इटालियन फौजेला पास्ता उकळायला जादा पाणी लागते आणि ते मिळाले नाही तर पलटणीची घडी विस्कटते, असा नियम एका युद्धखेळाच्या पुस्तिकेत खरोखर छापलेला आहे. खेळाचे नाव 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका'. न्यूयॉर्कच्या एसपीआय कंपनीने तो १९७९ साली काढला. रचनाकार रिचर्ड बर्ग. दोन्ही बाजूंना पाच-पाच असे दहा जण जमवायचे, पुठ्ठ्याच्या हजारावर सोंगट्या मांडायच्या आणि पूर्ण मोहिमेसाठी सुमारे दीड हजार तास काढून ठेवायचे. पाचांतल्या एकाकडे आघाडी, एकाकडे विमाने आणि एकाकडे नुसती रसद. दर पाळीला साठ्यातले थोडे पेट्रोल उडून जाते. इंग्रजांचे जरा जास्त उडते, कारण त्यांची पिंपे कच्ची. पास्त्याचा नियम आपण थट्टेने घातला होता, हे बर्ग यांनी पुढे सांगून टाकले. पण बाकीचे नियम वाचून तिथवर पोचलेल्या माणसाला यातली थट्टा कोणती आणि गांभीर्य कोणते, हे ओळखण्याची ताकद उरलेली नसते.

अशाच माणसांच्या हाती पुढे संगणक पडला.

त्याआधीची दीडशे वर्षे हा सगळा कारभार टेबलावर चाले. १८२४ साली प्रशियाच्या फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन 'क्रीगश्पील' वरिष्ठांपुढे मांडला आणि तो त्यांना असा पटला की पलटणींमध्ये त्याचे संच वाटले गेले. त्या खेळात एक पंच असे. दोघांचे हुकूम वाचायचे, अंतरे मोजायची, फासे टाकायचे, तक्ते बघायचे आणि शेवटी हरलेल्याचे बोलणे ऐकून घ्यायचे, एवढी कामे त्या एकट्याकडे. असा पंच घरोघरी कुठून मिळणार? १९७९ मध्येच कॅलिफोर्नियात जोएल बिलिंग्ज यांनी स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स, म्हणजे एसएसआय, ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी 'कम्प्युटर बिस्मार्क' बाजारात आला आणि पंचाची नोकरी यंत्राला लागली. त्याला पगार नको, झोप नको, आणि कुणी कितीही बोलले तरी तो ऐकून घेतो.

महाराष्ट्रातला या खेळांचा शौकीन बहुधा दिवाळीच्या किल्ल्यावरून इथवर पोचलेला असतो. अंगणातला मातीचा डोंगर, त्यावर हळिवाची हिरवळ, दरवाज्यापेक्षा दीडपट उंच मावळा आणि तळ्यात तरंगणारे कागदी गलबत. तिथे कुठलीही मोहीम एका दुपारीत फत्ते होई, कारण चिकणमातीच्या मावळ्याला भूक लागत नसे. संगणकापुढे बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी या सेनापतीला कळते की इथल्या फौजेला पोट आहे. नुसते पोट नव्हे. घोड्यांना दाणा, रणगाड्यांना डिझेल, तोफांना गोळे, पुलाला सामान, आणि या सगळ्याला ट्रक. ट्रकला पुन्हा डिझेल.

खेळाची रीत तशी सरळ. नकाशा षटकोनी घरांत विभागलेला. आपली पाळी आली की एकेका तुकडीला हुकूम द्यायचे, मग 'एंड टर्न'चे बटण दाबायचे, मग शत्रूची पाळी. बटण दाबेपर्यंत जग थांबून असते. नेपोलियनला वॉटर्लूवर जी सवलत मिळाली नाही, ती इथे कुठल्याही पेन्शनराला मिळते. चहा घ्या, पेपर वाचा, मंडईत जाऊन या; वेलिंग्टन जागचा हलत नाही. घरात मात्र वेळ चालू असतो.

"अहो, जेवायला येताय ना?"

"हा एवढा टर्न झाला की आलोच."

"मघाशीही तुम्ही हेच म्हणालात."

"मघाशीचा वेगळा होता. हा डिसेंबरचा आहे."

थांबलेल्या जगाचा फायदा एकट्या माणसालाच मिळावा, हे एका गृहस्थाला पटले नाही. ख्रिस क्रॉफर्ड यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. त्यांचा 'ईस्टर्न फ्रंट (१९४१)' १९८१ साली अटारीच्या घरगुती संगणकासाठी आला. विषय हिटलरची रशियावरची स्वारी, एक टर्न म्हणजे एक आठवडा. हिवाळा आला की नकाशाचे रंग बदलत आणि नद्या गोठत. पण खरी करामत आत होती. माणूस हुकूम देत बसला असताना यंत्र रिकामे बसत नसे. ते मागच्या मागे आपला डाव घोटत असे. म्हणजे माणसाने जितका वेळ घ्यावा, तितका रशियाचा बेत पक्का होत जाई. विचार करून खेळणाऱ्याला विचार केल्याबद्दल शिक्षा देणारा असा शत्रू दुसरा झाला नसेल. आणि हे सगळे, आजचा एक फोटोही मावणार नाही एवढ्याशा स्मरणशक्तीत.

१९९४ चा 'पँझर जनरल' स्वभावाने उदार. एसएसआयचाच हा खेळ लोकांनी डोक्यावर घेतला, कारण त्याने रसदीचा काच बराच सैल केला. जर्मन सेनापती व्हायचे, १९३९ मध्ये पोलंडपासून निघायचे, जिंकत जाल तशी 'प्रेस्टिज' मिळत जाते आणि त्या इभ्रतीतूनच नवे रणगाडे विकत घेता येतात. एरवी जगात इभ्रतीवर उधारीसुद्धा मिळत नाही. लढाया वेळेआधी आणि ठसठशीत जिंकत राहिलात तर हा खेळ तुम्हाला थेट वॉशिंग्टनवर नेऊन सोडतो. एका लढाईत टिकलेल्या तुकड्या पुढच्या लढाईत अनुभव घेऊन येत, त्यामुळे खेळणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव जडे. अनोळखी नातेवाइकाच्या लग्नाला न जाणारा माणूस एका काल्पनिक तोफखान्यासाठी आख्खी लढाई पुन्हा खेळत असे.

याच्या उलट टोकाला गॅरी ग्रिग्सबी. १९८० च्या दशकात हे एसएसआयसाठी खेळ रचू लागले आणि दर खेळागणिक त्यांनी माणसाची सहनशक्ती किती, याचा अंदाज थोडा वर सरकवला. २०१० चा त्यांचा 'वॉर इन द ईस्ट' पुन्हा त्याच रशियात घडतो, पुन्हा आठवड्याचा टर्न, पण पूर्ण युद्धाचे टर्न दोनशेच्या वर. नकाशावरचे एक घर दहा मैलांचे आणि नकाशा बर्लिनपासून उरल पर्वतापर्यंत. पुस्तिका इतकी जाड की रशियन हिवाळ्यात ती जाळली तरी एखादी तुकडी तगून जाईल.

या खेळातला नायक रणगाडा नाही. रूळ दुरुस्त करणारी टोळी आहे. रशियाचे रूळ पाच फुटी आणि जर्मनीचे चार फूट साडेआठ इंची. साडेतीन इंचांचा फरक. जर्मन गाड्या पुढे न्यायच्या तर एकेक घर करत रूळ जवळ आणत जावे लागते, आणि रणगाडे तोवर तीनशे मैल पुढे जाऊन पेट्रोलची वाट बघत बसलेले असतात. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून, वळकटी डोक्यावर घेऊन बार्शी लाइटच्या छोट्या डब्यात चढलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. मॉस्को पडले नाही, याला बर्फ आणि रशियन शौर्य जबाबदार आहेच. पण कुर्डुवाडीही जबाबदार आहे. सेनापतींना हे समजते आणि त्यांची चाल बदलते. शत्रूच्या नावाने आरोळ्या ठोकायचे सोडून ते रात्री अकरा वाजता स्मोलेन्स्कच्या वखारीत किती टन माल आला, हे बघत बसतात. जर्मन सेनापती गुडेरियनच्या रणगाड्यांना पुढचे चार आठवडे इंधन पुरेल अशी तजवीज त्यांनी नुकतीच केलेली असते, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येतो, की गॅसचा नंबर लावायला सांगून आठवडा झाला, आणि आता शेगडीवर अर्धी कच्ची आमटी आहे.

नव्या पिढीच्या सेनापतींसाठी 'युनिटी ऑफ कमांड' नावाचा सुटसुटीत खेळ २०११ मध्ये आला. विषय स्टालिनग्राडचा. शत्रूवर समोरून चाल करण्यापेक्षा त्याच्या पाठीमागची रसदीची वाट तोडा, दोन टर्न थांबा, बघा काय होते ते, एवढेच तो शिकवतो. तो रचणाऱ्या क्रोएशियन चमूतले तोमिस्लाव उझेलाच हे मूळचे गाणीवाले. त्यांनी १९९७ च्या सुमारास लिहिलेल्या एमपीथ्री वाजवणाऱ्या प्रोग्रामवरच सुरुवातीचा विनॅम्प उभा राहिला. सायबर कॅफेत बसून विनॅम्पवर 'गारवा' ऐकलेल्या मराठी मुलांची त्यांच्याशी जुनी ओळख आहे. फक्त ती उझेलाच यांना ठाऊक नाही.

पाठीमागची वाट तुटली की काय होते, हे मराठी माणसाला सांगायला खरे तर संगणक लागू नये. पानिपतावर १७६० च्या हिवाळ्यात भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजारबुणगे होते. दोआबातून रसद पाठवू पाहणारे आणि अब्दालीची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि त्यानंतर छावणीचे दिवस मोजलेलेच उरले. १४ जानेवारीला जे लोक रणात उतरले, ते उपाशी पोटी उतरले. आपल्याकडे या लढाईच्या गप्पा होतात त्या इब्राहिमखानाच्या तोफा, विश्वासरावाला लागलेली गोळी आणि होळकरांनी काय करायला हवे होते, यांच्यावर. गव्हाचा भाव कुणी विचारत नाही. युद्धखेळ खेळणारा मनुष्य तेवढा विचारतो, आणि म्हणून त्याला गप्पांना बोलावत नाहीत.

त्यानेही एकदा सूड उगवायचा प्रयत्न केलेला असतो. २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठे घेऊन खेळता येते. यातल्या लढाया डोळ्यांदेखत धावतात, पण राज्यकारभार पाळीपाळीने, वर्षाला दोन टर्न, सुरुवात १७०० पासून. आपला सेनापती मराठे निवडतो, जरा भावुक होतो आणि इतिहासाची दुरुस्ती सुरू करतो. राघोबादादांच्या फौजेला अटकेला पोचायला १७५८ साल उजाडले. याचे घोडे त्याच्या कितीतरी आधी उत्तरेत असतात. अब्दाली जन्मायच्या आत दिल्ली खिशात. मग कळते की एवढ्या फौजेचा खर्च दर टर्नला द्यायचा आहे. कर वाढवावेत तर घरची रयत बिथरते, कमी करावेत तर फौजेचा पगार थकतो. लोकांसाठी चांगल्या शाळा काढाव्यात तर शिकलेले लोक सुधारणा मागू लागतात. हे खेळ परदेशात बनतात, पण बनवणाऱ्यांना आपली माणसे कशी ओळखता येतात हे कोडेच आहे. शेवटी झेंडा अटकेपार आणि सेनापती जमाखर्चाच्या पानावर, अशी वाटणी होते.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवता येत नाही. या खेळांत घोडे मोजलेले असतात, ट्रक मोजलेले असतात, चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते; ज्या गावातून रणगाडे गेले, त्या गावातल्या माणसांचा रकाना बहुतेक खेळांत नसतो. जर्मन फौजेच्या मागोमाग रशियात कोण आले आणि त्यांनी काय केले, हे 'पँझर जनरल' विचारत नाही. इतका नेमका हिशेब ठेवणाऱ्यांनी एवढीच वही हरवावी, हे प्रस्तुत लेखकाला आजवर पटलेले नाही.

यंत्राशी खेळून कंटाळलेले लोक ई-मेलवरून माणसांशी खेळतात. आपला टर्न करायचा, फाइल पाठवायची, समोरचा त्याच्या सवडीने उलट टर्न पाठवतो. त्यातला हिमालय म्हणजे ग्रिग्सबींचाच 'वॉर इन द पॅसिफिक', २००४ चा. एक टर्न म्हणजे एक दिवस. एकेक जहाज आणि वैमानिक वेगळा. नकाशा हवाईच्या पलीकडून मुंबईपर्यंत, त्यामुळे बॉम्बे बंदरातून माल भरून जहाजे पाठवायची जबाबदारीही सेनापतींवर. पर्ल हार्बरपासून जपानच्या शरणागतीपर्यंत साडेतेराशे दिवस होतात. रोज एक टर्न झाला तरी खेळ आणि मूळ युद्ध दोन्ही सारखाच वेळ घेतात, आणि रोज एक टर्न होतो असे मानणे म्हणजे दोन्हीकडची माणसे अविवाहित आहेत असे मानणे.

समजा, एक पुण्याचा आणि एक न्यू जर्सीत स्थायिक झालेला, असे दोघे खेळताहेत. खेळात ७ ऑगस्ट १९४२ उजाडतो, अमेरिकन मरीन ग्वाडलकॅनालच्या किनाऱ्यावर उतरतात आणि नेमक्या त्याच दिवशी जपानकडून निरोप येतो : गणपतीला गावी, देवगडला चाललोय, तिथे रेंज नाही, गौरींचे विसर्जन करूनच येईन. अमेरिका कळवते, की सावकाश या. मग साम्राज्याचे आरमार रबाउलला नांगर टाकून बसते आणि मरीन किनाऱ्यावर. दहा-बारा दिवसांनी फाइल येते. सोबत दोन ओळी : "मोदकांचा फोटो जोडलाय. बाकी बघितले, तर तुझी तेलाची जहाजे अजून नूमेआलाच दिसतात. विसरलास की काय?"