शिळ्या पाण्याचे काका

आमच्या सोसायटीत पाणी सकाळी साडेसहाला येतं. त्याआधी पाच मिनिटं घरोघरी कालच्या बादल्या मोरीत ओतल्या जातात, कारण पाणी शिळं झालेलं असतं. रविवारी मात्र त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात रिकामी बादली घेऊन उभे असतात. "ओतू नका, मला द्या! उघडंच होतं ना रात्रभर? कपड्यांची बादली नाही ना?" मुरलेल्या लोणच्याची बरणी उचलावी तसं ते शिळं पाणी उचलून नेतात.

असे काका तुमच्याही सोसायटीत असतील. नसले तर होतील. नातवाने एकदा हट्ट धरला की पुरे. सुरुवात सगळ्यांची गोल काचेच्या बाऊलनेच होते. आमच्या काकांनी तीन गोल्डफिश, निळे खडे आणि प्लॅस्टिकचं झाड आणलं. सोबत दुकानदाराचं आश्वासन फुकट मिळालं: "काही करावं लागत नाही साहेब, पाणी गढूळ झालं की सगळं बदलून टाका." आठव्या दिवशी पहिला मासा उलटा तरंगला. समोरच्या आजींनी निकाल दिला, "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं हो." पंधरा दिवसांत तीन संकटं टळली. काकू म्हणाल्या, "एवढी संकटं होती कुठे आपल्या घरावर?"

संकटाचं नाव अमोनिया आहे, हे काकांना कळलं आणि आमचे दिवस फिरले.

काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी वही घातली. तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असे रकाने. परीक्षानळीत थेंब टाकून ते खिडकीपाशी जातात आणि रंगाच्या तक्त्याशी नळी ताडून बघतात. अमोनियाची नळी हळदीसारखी पिवळी राहिली तर शुभ, हिरवी झाली तर त्या दिवशी काकूंनी माहेरचा विषय काढू नये. "अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस," हे ते ताळेबंद पैशापर्यंत जुळल्याच्या सुरात सांगतात.

समजावण्याची मात्र त्यांना हातोटी आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं असलं तर माशाला सोसतं, आणि वाढलं की पाणी बदलून घालवायचं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. फिल्टरच्या स्पंजात त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. "म्हणजे दही लावण्यासारखंच," काकू म्हणाल्या. काकांना उपमा पटली. त्यांनी एका मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीत घालून रिक्षाने आणला. विरजणच ते.

मग १५० लिटरची टाकी आली, पंप सुरू झाला आणि महिनाभर काका तिच्यासमोर खुर्ची टाकून मासे नसलेलं पाणी बघत बसले. जिवाणूंना उपास नको म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत. पाहुणे विचारत, "मासे कुठेत?" काका म्हणत, "पाणी अजून झालं नाही."

शेवटी मासे आले, तेही दोनच. आमच्या सोसायटीत माणशी एवढी जागा कुणालाच नाही. पण काका म्हणतात, गोल्डफिश वितीएवढाही होतो आणि घाणही तशीच करतो. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. इथे त्यांची खरी लढाई आपल्या आग्रहाच्या संस्कृतीशी आहे. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात आणि आलेल्या प्रत्येक मावशीचा जीव कळवळतो. "उपाशी दिसतायत हो, घाला ना अजून चार दाणे!" काका हात आडवा धरतात. "त्याला जठरच नसतं, मावशी. तो जन्मभर भुकेलाच दिसणार."

एकदाच घात झाला. काका गावाला गेले होते, दिवाळीची साफसफाई चालली होती. मदतीला आलेल्या मेहुणीबाईंना टाकीत तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज दिसला. त्यांनी तो भांड्यांच्या साबणाने नळाखाली घासला, चांगला खळखळून धुऊन पिवळाधमक करून परत बसवला. काका परत आले, स्पंज बघितला आणि सुतक आल्यासारखे बसले. टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायची वस्तू ती! पुढचे तीन आठवडे रोज पाव टाकी पाणी बदलणं चाललं होतं आणि अख्खा जिना काकांच्या बादल्यांनी अडला होता. मासे वाचले. मेहुणीबाईंशी बोलणं अजून बेताचंच आहे.

काका कंटाळवाणे आहेत, हे मी नाकारत नाही. उघड्या बादलीतल्या नळाच्या पाण्यातला, माशांना घातक असा क्लोरीन रात्रभरात कसा उडून जातो, हे त्यांनी मला लग्नाच्या पंगतीतही ऐकवलंय. पण दोन्ही मासे तिसऱ्या वर्षात आहेत, आणि आजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरावर सध्या एकही संकट नाही.

तुमच्याकडेही कुणी बाऊल भेट दिला असेल, तर रविवारी सकाळी साडेसहाच्या आत या. टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणा, काका फुकट तपासून देतील. बाटली धुतलेली असू द्या. साबणाने मात्र नको.