भेंडीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, हा संकेत भेंडीला लागू नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी क्रांती’ या वाणाची एक बाजू ‘पुसा सावनी’कडे आणि दुसरी एका रानटी जातभाईकडे जाते, हे जगजाहीर आहे, शिवाय 2001च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्यानुसार, नवा वाण नोंदवणाऱ्याला मूळ साहित्य रीतसर मिळवल्याचे लिहून द्यावे लागते. माणसाबाबत कायदा इतका चौकस नाही. 2023च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला, म्हणजे पेशीतल्या डीएनएत नोंदलेल्या आनुवंशिक मजकुराला, वेगळा संवेदनशील दर्जा नाही. आणि ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीविषयी काही निर्णय घ्यायचा नसेल व ठरवलेली मानके पाळली जात असतील, तर संशोधनाला बव्हंशी सूटच आहे. जिंतूरच्या एखाद्या भावाने अशा संशोधनाच्या संमतीपत्रावर अंगठा उमटवला, की गंगाखेडला दिलेल्या सख्ख्या बहिणीचाही सरासरी निम्मा जनुकीय वारसा दप्तरी लागतो, मात्र तिची सही कोणी मागत नाही. नाव खोडून क्रमांक टाकला की गोपनीयता झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील संशोधकांनी मात्र 2013 साली निनावी डीएनए आणि वंशावळींची खुली संकेतस्थळे ताडून काही दात्यांची आडनावे हुडकून दाखवली होती.