अभ्यासू फ्रेम

चौकातला फ्लेक्स बदलला. माणूस तोच, जोडलेले हात तेच, गळ्यातली साखळीही तीच. फक्त नाकावर चष्मा आला. गेल्या वर्षीचे ‘भावी नगरसेवक’ यंदा ‘अभ्यासू नेतृत्व’ झाले. मधल्या काळात अभ्यास कसला केला, हे विचारायचं नसतं. चष्मा दिसतोय ना?

त्या चष्म्याला काच नाही. वाढदिवसाच्या दिवशी फ्लेक्सवरच्या या भाऊंच्या डोळ्यात धूळ गेली, तेव्हा त्यांनी चष्मा न काढता फ्रेममधून बोट आत घालून डोळा चोळला. कोणी हसलं नाही. उलट आठवड्याभरात पाच कार्यकर्ते तशाच फ्रेमा घालून हिंडू लागले. आता वॉर्डात अभ्यासू माणसं सहा आणि काच एकही नाही. हे चष्मे पावसात भिजत नाहीत, चहाच्या वाफेनं धुरकटत नाहीत. तरी भाषणाआधी सहाही जण चष्मा काढतात, शर्टाच्या टोकानं मन लावून पुसतात आणि उजेडाकडे धरून तपासतात. काय पुसतात? वर एखादा डाग राहिला, तर दोष हवेला द्यायचा की काय?

ही युक्ती जुनीच. इटलीतल्या त्रेव्हिसोमध्ये १३५२ सालचं एक भित्तिचित्र आहे. त्यात एक कार्डिनल चष्मा लावून मेजाशी बसला आहे. चष्मा निघाला तेराव्या शतकाच्या अगदी अखेरीस, आणि हा कार्डिनल वारला १२६३ मध्ये. विद्वान दिसावा म्हणून चित्रकारानं मेलेल्या माणसाच्या नाकावर चष्मा चढवला. आपल्या फ्लेक्सवाल्याकडे कुंचल्याऐवजी संगणक आहे, एवढाच फरक.

तेव्हा निदान वाचणारे थोडे होते आणि चष्मा मुख्यतः त्यांनाच लागे. मराठी भाषा शहाणी. तिनं चष्म्याला ‘चाळिशी’ म्हटलं, वयावरून. डोळ्यातलं भिंग ताठरतं ते पंडिताचं आणि पानवाल्याचं सारखंच. शिकल्यानं मात्र लांबची नजर खरंच अधू होते. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका संशोधनात शिक्षणाच्या दर वर्षामागे सुमारे पाव नंबर वाढत असल्याचं दिसलं. म्हणजे शिकून चष्मा लागतो. चष्मा लावून शिकता येत असतं, तर भाऊ एव्हाना डॉक्टरेट झाले असते.

आणि ज्यांना तो खरंच लागतो, त्यांचं काय? मुलीच्या बायोडेटात ‘चष्मा: आहे/नाही’ असा रकाना. कांदेपोह्यांच्या दिवशी तो काढून ठेवायचा आणि समोरच्या तिघांतला नवरामुलगा कोणता, ते अंदाजानं ओळखायचं. तिथे चष्म्याची बुद्धी कुठे जाते? शाळेतला पोरगा तर त्याहून कमनशिबी. फळा दिसत नाही म्हणून चुकीचं उतरवतो; चुकतो म्हणून ढ ठरतो; ढ म्हणून शेवटच्या बाकावर बसतो. फळा न दिसणाऱ्याला फळ्यापासून आणखी लांब! डोळे तपासायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. पुढे कधी चष्मा लागलाच, तर वर्ग त्याला ‘ढापण्या’ म्हणणार. विद्वत्ता फक्त बिनकाचेच्या फ्रेमला.

भाऊंचा फ्लेक्स त्याच शाळेच्या कुंपणावर, शेवटच्या खिडकीसमोर बांधला आहे. ‘अभ्यासू’ची अक्षरं दोन फूट उंच आहेत. मागच्या बाकावरून तेवढंच वाचता येतं.