आमचा फाल्गुनराव

संगीत नाटकात ज्याला गळा नाही त्याला विनोदी काम देतात. निदान आमच्या गावात तरी हाच कायदा आहे. गेली चोवीस वर्षं मी विंगेत पुस्तक धरून बसतोय, म्हणजे प्रॉम्प्टर आहे, तेव्हा एवढं बोलायचा अधिकार मला असावा.

फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रेची पालखी देवळात परतली की गावच्याच मंडळींचं मराठी नाटक उभं राहतं. पात्रवाटप दोन महिने आधी अग्रशाळेत होतं. एका वर्षी देवलांचं संशयकल्लोळ ठरलं होतं आणि आमचा फाल्गुनराव त्यातल्या नायकाचं, अश्विनशेठचं काम मागायला आला. मास्तरांनी पेटीवर काळी एक धरली. मग काळी दोन. मग पांढरी चार. हा तिन्हींना न शिवता मधून कुठून तरी निघून गेला. मास्तरांनी भाता लावला, तपकिरीची चिमूट घेतली आणि म्हणाले, "तू भादव्या कर."

भादव्या हा नाटकातल्या फाल्गुनरावाचा नोकर. ही नोकरी त्यानं अकरा वर्षं केली. मग जुन्या फाल्गुनरावांचे गुडघे गेले आणि पगडी याच्या डोक्यावर आली. तेव्हापासून नाटक कुठलंही असो, मानापमानातला लक्ष्मीधर असो की एकच प्याल्यातला तळीराम, गाव त्याला फाल्गुनरावच म्हणतं. खरं नाव पोस्टमनला ठाऊक आहे.

याचा गंभीरपणा बघायचा तर जत्रेच्या आधी महिनाभर बघावा. मुख्य गायक अश्विनशेठ तिठ्यावर उभा राहून आइस्क्रीम खातो. आणि ज्याला एक ओळ गायची नाही तो आमचा फाल्गुनराव गोव्याच्या उकाड्यात मफलर गुंडाळून, तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून हिंडतो. सोलकढी बंद, दही बंद, भाच्याच्या मुंजीत श्रीखंडसुद्धा बंद. "गाणाऱ्याचा आवाज बसला तर पेटी सांभाळून घेते," तो मला म्हणाला, "माझ्यामागं कोण आहे?" मी आहे, असं मला म्हणायचं होतं. पण तो माझ्याकडे ढुंकून बघत नाही, हेच माझं दुखणं आहे. चोवीस वर्षांत त्यानं माझं एक वाक्य उचललेलं नाही. त्याची नक्कल पाठ असते, स्वल्पविरामासकट. फक्त प्रयोगात ती तो बोलत नाही.

एकदा मी रागावून म्हटलं, "अरे, देवलांच्या शब्दाला हात लावू नये." तो शांतपणे पगडी पुसत राहिला. कुठल्याशा व्याख्यानाला तो बसून आला होता. म्हणाला, "मोलिएरनं 1660 साली लिहिलं, ते 1761 साली मर्फीनं फिरवलं, मर्फीचं देवलांनी. देवलांनी तरी आधी गद्य लिहिलं, मग पदं घातली. एवढे हात लागले ते चाललं, माझाच हात खरकटा?" यावर काय बोलणार? 1916 साली गंधर्व मंडळीत गणपतराव बोडसांनी फाल्गुनराव गाजवला, हे मी सांगितलं असतं, तर त्यांनीही काय काय बदललं ते यानं मला ऐकवलं असतं.

आता तसबिरीचं सांगतो. नाटकात नायिका रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, बायको कृत्तिका ते बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळत असताना नवरा तिला पकडतो. सगळं नाटक या पोस्टकार्डाएवढ्या चित्रावर उभं आहे. एका वर्षी ड्रेपरीवाल्याच्या पेटीतून तेच आलं नाही. कृत्तिकेची एंट्री दोन वाक्यांवर. एक पोरगा समितीच्या खोलीत धावला आणि भिंतीवरची पहिली मिळाली ती फ्रेम काढून घेऊन आला. दीड फूट, काचेची. आत समितीचे माजी अध्यक्ष, बंद गळ्याचा कोट घालून. स्वतः अध्यक्ष पहिल्या रांगेत, मांडीवर खाज्याचा पुडा.

कृत्तिका बाहेरगावाहून आणलेली नटी, तिला काय माहीत! तिनं त्या गालफडं बसलेल्या चेहऱ्याच्या रूपाची मनापासून तारीफ सुरू केली. प्रेक्षकांत कुजबुज. मागून फाल्गुनराव आला. "आयलो रे आयलो!" पोरं ओरडली. त्यानं फ्रेम पाहिली. मग पहिली रांग पाहिली. मी विंगेतून वाक्य दिलं. परत दिलं. त्यानं पगडी सारखी केली, पहिल्या रांगेला हात जोडले आणि म्हणाला, "अध्यक्षसाहेब, गाव तुम्हाला हिशेबासाठी शोधतोय आणि तुम्ही इथं माझ्या बायकोच्या हातात?"

तबलजी डग्ग्यावर आडवा झाला. वन्स मोअर गाण्याला मिळतो. त्या रात्री वाक्याला मिळाला, तीनदा. अश्विनशेठ विंगेत पानाचं देठ चावत उभा होता, त्याचं पुढचं पद कुणी ऐकलं नाही. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी हिशेब दिला. तेव्हापासून आमच्या समितीचा हिशेब जत्रेच्या आधी होतो, चालू अध्यक्ष कोणी असो.

खरी तसबीर आता वेळेवर येते, पण वापरत कोण? दीड फुटी फ्रेमच लागते. गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका मुलानं मला छापील संशयकल्लोळ आणून दाखवलं. "काका, यात अध्यक्षांचं वाक्य सुटलंय."

या यशाची किंमत तो इतर दिवशी भरतो. वीजखात्यात आहे. "संध्याकाळपर्यंत लाइट येईल," एवढं म्हणाला तरी लोक हसतात. (यात दोष त्याचा की खात्याचा, हा वेगळा प्रश्न.) मयताच्या घरी तो आत जात नाही, चपला काढतात तिथंच उभा राहतो. आत गेला की कोपऱ्यातून कुणीतरी फिस्स करतं.

यंदा पुन्हा संशयकल्लोळ आहे. पूर्वी नाटक पहाटेपर्यंत चालायचं. आता लाउडस्पीकर वेळेत बंद करावा लागतो. समितीनं दहा मिनिटं कापायला सांगितली. "अश्विनशेठच्या पदांतली किती?" त्यानं विचारलं. गाणं कापता येत नाही, असं उत्तर मिळालं. "बरं," म्हणाला, आणि परवाच्या तालमीत पहिल्यांदाच सगळं पुस्तकाप्रमाणं बोलला. मी शब्दावर बोट ठेवून बसलो होतो. कुठं काना चुकला नाही. कुणी हसलं नाही. तसबिरीच्या प्रवेशात तो देवलांचं वाक्य बोलून पुढं सरकला आणि विंगेतून मोठ्यानं आवाज आला, "अध्यक्षसाहेब, गाव तुम्हाला हिशेबासाठी..."

तो आवाज माझा होता. त्यानं वळून पाहिलं आणि चोवीस वर्षांत प्रथमच माझं वाक्य उचललं. आता ते माझ्या पुस्तकात समासात लिहिलेलं आहे, पेन्सिलनं.