लोणचेकाका

आमच्या सोसायटीत पार्किंगकाका आहेत, पाणीकाका आहेत, रोज पहाटे ग्रुपवर फुलं टाकणारे सुप्रभातकाका आहेत आणि लोणचेकाका आहेत. पहिल्या तिघांना आपली ही नावं ठाऊक नाहीत. लोणचेकाकांना ठाऊक आहे आणि ते सपशेल नामंजूर आहे.

"लोणच्याचा काडीचा संबंध नाही," लिफ्टचं दार पॅडलने अडवून ते सांगतात. आत आपण, हातात दुधाची पिशवी. "पिकल-बोट! होड्यांच्या शर्यतीत चांगले गडी चांगल्या होड्यांत गेले की उरलेल्यांची मिळून एक होडी करतात. ती पिकल-बोट. प्रिचर्डबाईंनी त्यावरून घरच्या खेळाला पिकलबॉल नाव ठेवलं. आणि कुत्रा नंतर आला."

कुत्र्याचा विषय कुणी काढलेला नसतो. पण हा खेळ काढणाऱ्या प्रिचर्डांच्या घरी पिकल्स नावाचा कुत्रा होता आणि खेळाला त्याचंच नाव पडलं, असं मानणारा एक पंथ जगात आहे. घरच्यांचं म्हणणं असं की खेळ आधी आणि कुत्रा मागाहून. काका घरच्यांच्या बाजूचे. कुत्रापंथी माणूस भेटला तर ते जिन्याने जातात.

१९६५ सालची उत्पत्तिकथा ते कीर्तनाच्या थाटात लावतात. सिएटलसमोर बेनब्रिज नावाचं बेट. ("आपलं मांडवा समजा.") जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोन मित्र गोल्फ खेळून घरी येतात, तर पोरं कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचं जुनं कोर्ट आहे, पण खेळायचं सामान धड नाही. मग टेबल टेनिसच्या बॅटी काढल्या, भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि जाळी खाली उतरवली. बार्नी मॅकॅलम हा तिसरा मित्र पुढे येऊन मिळाला. प्रिचर्ड नंतर अमेरिकेच्या संसदेत गेले, वॉशिंग्टन राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नरही झाले. काकांच्या मते हे सगळं किरकोळ. "माणसाने आयुष्यात एक काम नीट करावं. ते त्यांनी आधीच केलं होतं."

मला त्या कथेत वेगळीच गोष्ट आवडते. इतर खेळांचे जनक म्हणून कुणी सरदार, कुणी शाळामास्तर, कुणी लष्करी अधिकारी सांगतात. या खेळाचा जन्म 'सुट्टीत पोरांना कुठेतरी गुंतवा' या गरजेतून झाला. आपल्याकडे याच गरजेतून संस्कार वर्ग निघाले.

काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा कॅलिफोर्नियात लेकीकडे चार महिने राहिले आणि तिथल्या बागेत त्यांना साक्षात्कार झाला. येताना सामानात नातवंडांचे फोटो, बदाम आणि दोन पॅडलं. आल्या आठवड्यातच त्यांनी सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर सुतळी आणि खडू घेऊन रेघा मारल्या. फारसं काही करावंच लागलं नाही, कारण दोन्ही कोर्टांची बाहेरची मापं एकच, ४४ बाय २० फूट. जाळी मात्र कडेला ३६ इंचांवर आणि मध्ये ३४ वर आणायची. इथून काकांचा तर्क सुटतो तो कुणाच्या बापाला आवरत नाही. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडातल्या एका हवेलीवरून पडलं, पण त्याआधी पुण्याच्या छावणीतले इंग्रज तो खेळ खेळायचे तेव्हा त्याला 'पूना' म्हणत. "म्हणजे कोर्ट कुणाचं? पूनाचं. त्या कोर्टावर काय जन्मलं? पिकलबॉल. मग पिकलबॉल कुठला?" असा प्रश्न पुण्यात विचारला गेला की उत्तर द्यायचं नसतं, फक्त मान हलवायची असते.

४४ गुणिले २० म्हणजे ८८० चौरस फूट. एवढ्या जागेत आमच्याकडे टू बीएचके बसतो. टेनिसचं एक कोर्ट २८०८ चौरस फुटांचं, म्हणजे त्यात अशी तीन मावतात आणि वर पॅसेज उरतो. खेळ जगभर पसरण्याचं अर्धं कारण या गणितात आहे. उरलेलं अर्धं काकांच्या गुडघ्यात आहे: धावायला कमी, सर्व्हिस खालून, आणि जोडीत खेळताना गप्पा मारण्याइतकं अंतर. अमेरिकेत एका उद्योग संघटनेच्या मोजणीत २०२४ साली जवळजवळ दोन कोटी लोक हा खेळ खेळले. हा आकडा काका 'आपले' दोन कोटी असा सांगतात.

या टू बीएचकेत किचनही आहे. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा, त्याला किचन म्हणतात. तिथे पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. आणि चेंडू अलगद समोरच्याच्या किचनमध्ये टाकणं, याला म्हणतात डिंक. काकांनी हे सगळं पहिल्यांदा घरी समजावलं तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. "नावात लोणचं, मध्ये किचन आणि फटका डिंकाचा," त्या म्हणाल्या. "एवढी आवड आहे तर लाडू वळायला बसा की." काकांना विनोद कळत नाही असं नाही. तो पिकलबॉलवर केलेला कळत नाही.

तक्रारी आल्याच. पॅडलवर चेंडूची टकटक अशी, की दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं वर कुणी पाटा टाकवून घेतंय. काका हरखले. "अमेरिकेतसुद्धा लोक आवाजापायी कोर्टात गेलेत!" एका कोर्टासाठी दुसऱ्या कोर्टात जाणं ही त्यांच्या लेखी प्रगतीची खूण. खेळ मोठा झाल्याशिवाय त्याच्यावर कोण खटला भरतो?

मोठा झालाच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. भारतात हे रोप सुनील वालावलकरांनी मुंबईत लावलं आणि २००८ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, हे काका कॉलर ताठ करून सांगतात. मराठी माणूस म्हटल्यावर पुढचं ओळखता येतंच. आज देशात दुसरीही संघटना आहे आणि २०२५ साली क्रीडा मंत्रालयाने मान्यता दिली ती त्या दुसरीला. पहिली न्यायालयात गेली. जगातही तेच. जागतिक संघटना म्हणवणाऱ्या संस्था एकाहून अधिक निघाल्या आणि ऑलिंपिकवाल्यांना हवी एकच. "दोन मराठी माणसं आणि तीन मंडळं, असं आपल्याला उगाच हिणवतात," काका म्हणाले. "हा जागतिक गुण आहे."

ऑलिंपिक हा त्यांचा हळवा कोपरा. २०२८ च्या लॉस एंजेलिसला पिकलबॉल नाही, हे त्यांना घरातलं लग्न मोडल्यासारखं लागलंय. "खेळाच्या माहेरी ऑलिंपिक आणि खेळालाच आमंत्रण नाही! पॅरिसला डोक्यावर गरगर फिरणाऱ्यांना पदकं दिली."

ब्रेकडान्सवाल्यांनाही २०२८ ला वगळलंय, असं मी म्हटलं. स्क्वॉशला आत्ता कुठे दार उघडलं. क्रिकेट १९०० साली पॅरिसला एकदा खेळलं गेलं, ते आता १२८ वर्षांनी परत येतंय. बॅडमिंटनला पदकांसाठी १९९२ उजाडलं. आणि आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला कबड्डी दाखवली, ती अजून बाहेर उभी आहे.

"कबड्डीला सामान लागत नाही," काका म्हणाले. "ज्याचं सामान विकता येत नाही त्याला कोण आत घेतो?" माणूस बँकेत होता हे अधूनमधून असं आठवतं.

एवढी तळमळ कशासाठी, हे मला काकूंकडून कळलं. काका शाळेत कायम स्कोअर लिहायचे. वाड्यात लगोरी असो की विटीदांडू, दोन्ही बाजूंचे गडी वाटून झाले की काका उरत. मग कुणीतरी मोठ्या मनाने म्हणे, "हा कच्चा लिंबू." म्हणजे खेळायचं, पण बाद झालं तरी धरायचं नाही आणि जिंकलं तरी मोजायचं नाही. बँकेच्या कॅरम स्पर्धेत ते बोर्डावर पावडर टाकायला असत. असा माणूस साठीनंतर एका खेळात मुरला. पोरांनी ठेवलेलं नाव चुकीचं आहे, असं मला तेव्हापासून वाटत नाही.

आणि खेळ मोठा होऊ लागला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, पुण्याच्या संघाचे मालक रितेश आणि जिनिलिया देशमुख. त्यानंतर सोसायटीतली आयटीची पोरं खाली उतरली. हातात काकांच्या स्कूटरच्या सर्व्हिसिंगहून महाग पॅडलं. सेक्रेटरींनी ॲपवर बुकिंग सुरू केलं. सकाळी सहा ते नऊ भरलेलं, संध्याकाळी पाच ते दहा भरलेलं. ज्यांनी सुतळी धरून रेघा मारल्या त्यांना दुपारी दोनचा स्लॉट मिळाला. मे महिना होता.

"दोनचासुद्धा मुश्किलीने मिळाला!" डोक्यावर ओला रुमाल घेऊन काका म्हणाले. "प्रसार बघा!"

संध्याकाळी ते बाकावर बसतात. पोरांना फटके येतात, गुण मोजता येत नाहीत. जोडीच्या सामन्यात तीन आकडे पुकारायचे: आपले गुण, त्यांचे गुण आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. जुन्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यांनाच आणि सुरुवात शून्य-शून्य-दोनने. हे 'दोन' कुठून आलं ते सोसायटीत काकांनाच सांगता येतं, म्हणून स्कोअर त्यांच्याकडे. पंचावन्न वर्षांनी पुन्हा.

परवा मी शेजारी बसलो होतो. काका हिशेब मांडत होते. २०२८ गेलं. २०३२ ब्रिस्बेन, तिथेही आशा नाही. पण २०३६ साठी भारताने यजमानपद मागितलंय आणि यजमानाला खेळ सुचवता येतात. "म्हणजे तेव्हा मी पंचाहत्तरचा. अहमदाबादला पहाटेच्या गाडीने निघालो तर..."

समोर चौघांपैकी एकाचा फोन वाजला. तो कानाला लावूनच लिफ्टकडे गेला. उरलेले तिघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्यातला एक बाकाकडे वळला.

"काका, एक कमी आहे. येता का?"

अहमदाबादची गाडी तिथेच राहिली. काकांनी चष्म्याची दोरी मानेमागे ओढली, गुडघ्याचा पट्टा चाचपला, स्कोअरची वही माझ्या मांडीवर ठेवली. कोर्टावर पोचायच्या आधीच त्यांचा आवाज आला, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना नीट ऐकू जाईल असा.

"शून्य-शून्य-दोन!"